मेंदूच्या एमआरआयमधली इंटेन्सिटी: आधी बायस काढायचा की आधी नॉर्मलाइझ करायचं?

चिकित्सक चिंगी (सोमवार, रात्री १०:१४)

मंडळी, एम.टेक.च्या प्रबंधासाठी मेंदूच्या टी१ स्कॅनवर (एमआरआयचा एक प्रकार, त्यात व्हाइट मॅटर ग्रेपेक्षा उजळ दिसतं) काम करतेय. ग्रे मॅटर, व्हाइट मॅटर वेगळं काढायचं, त्याचं आकारमान मोजायचं आणि वयाबरोबर ते कसं बदलतं ते पाहायचं. डेटा दोन ठिकाणचा आहे. एक आयएक्सआय, लंडनच्या रुग्णालयांतला, कोणालाही फुकट उतरवून घेता येतो, सहाशेच्या आसपास निरोगी माणसं. दुसरा इथल्या एका रुग्णालयाने नावंगावं काढून दिलेला.

अडचण अशी की एकाच माणसाच्या स्कॅनमध्ये कडेचं व्हाइट मॅटर आणि मधलं व्हाइट मॅटर यांचे उजळपणाचे आकडे (इंटेन्सिटी) जुळत नाहीत. मधलं व्हाइट कधीकधी कडेच्या ग्रेइतकं काळपट दिसतं. शिवाय माणसामाणसांत फरक आहे तो वेगळाच: एकाचं व्हाइट मॅटर तीनशेच्या घरात, दुसऱ्याचं हजाराच्या वर. सर म्हणतात, "झेड-स्कोअर मार आणि पुढे चल." पेपर वाचायला घेतले तर प्रत्येकाचा क्रम निराळा. कोणी आधी प्रतिमेतून कवटी काढून टाकतं, कोणी आधी बायस करेक्शन (स्कॅनमधला असमान उजेड काढणं) करतं, आणि काही जण तर "स्टँडर्ड प्रीप्रोसेसिंग केलं" एवढंच लिहून मोकळे होतात.

नेमका क्रम काय? आणि का?

वात्रट कारटं (१०:२१)

पहिला! ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा स्लायडर नाही का हो तुमच्याकडे?

डॉ. फिल्मवाला (१०:५८)

आहे की रे कारट्या. आम्ही रेडिऑलॉजिस्ट दिवसभर तेच करतो, विंडो-लेव्हल फिरवत बसतो. म्हणूनच चिंगीची अडचण आम्हाला जाणवतच नाही. डोळा शेजारच्या भागाशी तुलना करतो, आकडा वाचत नाही.

सीटीची गोष्ट वेगळी. तिथे पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००, मग मशीन सांगलीत असो नाहीतर स्टॉकहोममध्ये. एमआरआयच्या आकड्याला असं एककच नाही. "या जागी ४५० आहे" म्हटलं तर त्यातून काहीही कळत नाही. आमच्या रिपोर्टात हायपरइंटेन्स, आयसोइंटेन्स असे शब्द असतात ते याचसाठी. कशाच्या तरी तुलनेत उजळ किंवा तेवढंच. थोडक्यात हा आजार कॉम्प्युटरचा, आमचा नाही. :)

गुंडाळी (११:३६)

चिंगी, तू दोन वेगळे आजार एकाच केसपेपरवर लिहिलेस.

पहिला आजार एका स्कॅनच्या आतला, म्हणजे बायस. संकेत पकडणारी कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, डोक्याभोवती असते. तिच्या जवळचा भाग जोरात ऐकू येतो, लांबचा दबका. मंगल कार्यालयात फ्लॅश मारून काढलेला ग्रुप फोटो आठव: पहिल्या रांगेतले आजोबा पांढरेफटक, मागची मावशी काळोखात, आणि दोघांचा खरा रंग एकच. ३२ चॅनेलच्या हेड कॉइलमध्ये हे चांगलंच दिसतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. रेडिओलहर आत पाठवतानाही असमानता येते. प्रोटॉनची वारंवारता टेस्लामागे (चुंबकाच्या ताकदीचं एकक) ४२.५८ मेगाहर्ट्झ. म्हणजे १.५ टेस्लाला ६४ आणि ३ टेस्लाला १२८. मेंदूच्या ऊतीत १२८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण पंचवीस सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळपास डोक्याच्याच मापाची. मग लहरी एकमेकींत मिसळून मध्यभागी जोर वाढतो. ७ टेस्लाला लांबी त्याच्या निम्मी, तिथे तर आनंदच आहे. कॉइल कडा उजळवते, पाठवलेली लहर मध्य उजळवते, आणि तुझ्या हातात येतो दोघांचा गुणाकार.

यातला पकडण्याचा भाग खरोखर गुणाकारी असतो, त्याने भागलं की सुटलो. पाठवण्याचा भाग तसा नाही. त्यात फ्लिप अँगलच (लहर प्रोटॉनना किती कलवते तो कोन) बदलतो, म्हणजे ग्रे-व्हाइटमधला कॉन्ट्रास्टच जागोजागी वेगळा होतो. भागाकाराने उजेड सपाट होईल, गेलेला कॉन्ट्रास्ट परत येणार नाही.

दुसरा आजार स्कॅन-स्कॅनमधला. मशीन, गेन, सिक्वेन्स (स्कॅन घेण्याची कृती), त्यातल्या टीआर-टीआय या वेळा, सॉफ्टवेअरची आवृत्ती यांतलं काहीही बदललं की सगळी मोजपट्टीच बदलते; ती सारखी करणं म्हणजे नॉर्मलायझेशन. तुझा ३०० आणि १००० तिथून आला.

आता सरांचा झेड-स्कोअर बघ. सगळ्या व्हॉक्सेलमधून (त्रिमितीय पिक्सेल) एकच सरासरी वजा, एकाच आकड्याने भागाकार. कपाळापासून मध्यापर्यंतचा उतार होता तसाच राहिला. म्हणून बायस आधी, नॉर्मलायझेशन नंतर. उलटं करण्यात अर्थ नाही.

सुलोचनासुत (११:४०)

वाचनखूण साठवली. गुंडाळी, हे आयडीचं नाव आज कळलं!

पायथनपंत (मंगळवार, सकाळी ७:०५)

गुंडाळींनी का ते सांगितलं, मी कसं ते सांगतो.

एन४ वापर, ही बायस काढायची पद्धत. त्याचा बाप एन३, १९९८ साली माँट्रियलमध्ये स्लेड, झिडेनबॉस आणि इव्हान्स यांनी काढला. कल्पना फार देखणी आहे. बायसमुळे हिस्टोग्राम (कोणता आकडा किती व्हॉक्सेलना आहे त्याचा आलेख) फासला जातो, ग्रे आणि व्हाइटचे दोन उंचवटे एकमेकांत विरघळतात. तर मग असं गुळगुळीत फील्ड (असमान उजेडाचा नकाशा) शोधा की ज्याने भागल्यावर उंचवटे पुन्हा टोकदार होतील. कोणती ऊती कुठे आहे हे आधी माहीत असायची गरजच नाही. २०१० मध्ये टस्टिसन आणि मंडळींनी बी-स्प्लाइन (गुळगुळीत वक्र) बसवण्याची पद्धत सुधारून एन४ आणलं. अँट्स आणि सिंपलआयटीके या दोन्ही सॉफ्टवेअरांत मिळतं.

माझा क्रम: ढोबळ मास्क (डोक्याचा कुठला भाग विचारात घ्यायचा ती खूण), एन४, मग नीट कवटी काढणं, मग मेंदूच्या आतच नॉर्मलाइझ. पूर्ण डोक्यावर केलंस तर मानेची आणि टाळूखालची चरबी हिस्टोग्राममध्ये घुसते. टी१मध्ये चरबी झगझगीत असते, ती सगळा खेळ बिघडवते.

अडकण्याच्या जागा: एन४ लॉगमध्ये चालतं, त्यामुळे शून्य आणि ऋण किमती मास्कबाहेर ठेव. वेग मिळावा म्हणून प्रतिमा चौपट लहान करून फील्ड काढतात, पण पुष्कळ पोरं ती लहान झालेली प्रतिमाच उत्तर म्हणून जपून ठेवतात. फील्ड पूर्ण आकारात मागून घे आणि मूळ प्रतिमेला त्याने भाग. स्प्लाइनचं अंतर (जितकं कमी तितकं फील्ड लवचिक) अँट्सच्या स्क्रिप्टांमध्ये २०० मिमी असतं. ३ टेस्लाला थोडं कमी करून पाहा, पण फार नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुरुस्त झालेली प्रतिमा पाहू नकोस, फील्ड पाहा. ते ढगासारखं मऊ दिसलं पाहिजे. त्यात व्हेंट्रिकलचा (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) आकार किंवा मेंदूच्या घड्या दिसायला लागल्या तर एन४ तुझी शरीररचनाच गिळतंय.

रात्रपाळी (सकाळी ८:३०, ड्यूटी संपवून)

मी टेक्नॉलॉजिस्ट. तुम्ही सगळे हुशार लोक डेटा हातात आल्यानंतरचं बोलताय. तो आमच्या कन्सोलवर कसा तयार होतो ते पण ऐका.

मशीनमध्येच उजेड सारखा करायची सोय असते. सीमेन्सवर प्रीस्कॅन नॉर्मलाइझ, फिलिप्सवर क्लिअर, जीईवर प्युअर. प्रोटोकॉलमध्ये टिक केलेली असते किंवा नसते. कोणी ॲप्लिकेशनवाला येऊन प्रोटोकॉल बदलून जातो आणि त्या दिवसापासून सगळे स्कॅन वेगळे दिसतात. बाहेरच्याला पत्ता नाही. सीमेन्सच्या डायकॉममध्ये (स्कॅनची फाइल) इमेज टाइपच्या रकान्यात 'नॉर्म' लिहिलंय का बघा. इथल्या रुग्णालयाच्या डेटात काही स्कॅन नॉर्मवाले आणि काही बिननॉर्मचे असतील तर नवल वाटून घेऊ नका.

आणि हो, डोक्यात केसांची पिन राहिली की तिथे काळं भगदाड पडतं. तो बायस नाही, ती पिन आहे. "सगळं काढलं का मावशी?" "हो हो, सगळं काढलं." आणि अंबाड्यात तीन पिना.

गुंडाळी (९:१२)

रात्रपाळी, सोन्यासारखा प्रतिसाद. एक पुरवणी: प्रीस्कॅन नॉर्मलाइझमध्ये हेड कॉइलची तुलना मशीनमध्येच बसवलेल्या मोठ्या बॉडी कॉइलशी करतात. बॉडी कॉइल स्वतः ३ टेस्लाला कुठे समान आहे? त्यामुळे टिक असली तरी थोडा उतार उरतोच, आणि वरून हलकं एन४ चालवलं तर सहसा बिघडत नाही.

निमाताई (१०:०२)

जरा अवांतर विचारते. सासूबाईंचा गेल्या वर्षी एका सेंटरला एमआरआय झाला, यंदा दुसऱ्या. यंदाच्या फिल्ममध्ये ते पांढरे ठिपके फारच ठसठशीत दिसतायत. म्हणजे आजार वाढला का? घरात सगळे घाबरलेत.

डॉ. फिल्मवाला (१०:४०)

निमाताई, फिल्म किती पांढरी दिसते त्यावरून काहीही ठरवू नका. वर चिंगीने जे ३०० आणि १००० लिहिलंय ना, तेच तुमच्या घरी घडलंय. मशीन बदललं, विंडो बदलली, ठिपका ठसठशीत झाला. आम्ही ठिपके किती, कुठे, केवढे ते पाहतो. दोन्ही सीडी, फिल्म नव्हे सीडी, एकाच डॉक्टरांकडे एकाच वेळी न्या आणि तुलना करून लेखी द्या असं सांगा. यापलीकडे इथे सांगणं बरोबर नाही.

निमाताई (१०:४४)

खूप आभार डॉक्टर. सीडी शोधते. बहुतेक नातवाने तिच्यावर चित्र काढलंय.

तर्कटराव (दुपारी ४:५०)

इकडे कॅनडात आत्ता सकाळ झाली, म्हणून उशीर.

पंतांचा क्रम मान्य. पण शेवटच्या पायरीवर सगळेच घाईत दिसता. "मेंदूच्या आत झेड-स्कोअर" हे वाटतं तेवढं निष्पाप नाही. चिंगीचा विषय वय आहे. वय वाढलं की मेंदू आकसतो, व्हेंट्रिकल मोठे होतात, पाण्याचे काळे व्हॉक्सेल वाढतात. त्यामुळे सरासरी खाली येते, प्रमाण विचलन बदलतं. म्हणजे ज्याच्या व्हाइट मॅटरला काहीही झालेलं नाही त्याच्याही व्हाइट मॅटरचा झेड बदलला, आणि बदलला तो वयाप्रमाणे. जे मोजायचं तेच मोजपट्टीत शिरलं.

यावर २०१४ मध्ये शिनोहारा आणि सहकाऱ्यांनी व्हाइटस्ट्राइप आणलं. हिस्टोग्राममध्ये निरोगी व्हाइट मॅटरचं शिखर शोधायचं, त्याच्या आजूबाजूची अरुंद पट्टी घ्यायची, सरासरी आणि विचलन फक्त तिचं. बाकी मेंदूत काय चाललंय याचा त्यावर परिणाम कमी.

त्याआधीची न्यूल आणि उडुपांची पद्धत, १९९९-२००० च्या सुमाराची. त्यात हिस्टोग्रामवर ठरावीक टक्केवारीच्या खुणा घेऊन प्रत्येक स्कॅन एका प्रमाण हिस्टोग्रामवर तुकड्यातुकड्यांनी ताणून बसवतात. निरोगी लोकांवर छान. पण मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाचा हिस्टोग्राम वेगळा *असायलाच* हवा. त्याला दाबून निरोग्यासारखा केला तर आजाराचाच काही भाग पुसला जातो.

आणि चिंगी, आयएक्सआय हा एक डेटा नाही, तीन आहेत. हॅमरस्मिथचं फिलिप्स ३ टेस्ला, गाइजचं फिलिप्स १.५, आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्रीचं जीई १.५. तुझं चौथं. चारही ठिकाणच्या लोकांची वयं सारखी पसरलेली आहेत का?

चिकित्सक चिंगी (५:१५)

लंडनची मंडळी विशीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत आहेत. इथली बहुतेक साठीच्या पुढची.

तर्कटराव (५:२१)

मग मशीनचा फरक आणि वयाचा फरक एकमेकांत गुंतले. मशीनमशीनमधला फरक मोजलेल्या आकड्यांतून काढणारी कॉम्बॅट नावाची पद्धत सगळे सुचवतील. ती मुळात २००७ ची, जनुकांच्या मायक्रोॲरेसाठी जॉन्सन वगैरेंनी काढलेली. फोर्टिन वगैरेंनी २०१७-१८ मध्ये मेंदूच्या मापनांवर आणली. चांगली आहे, पण ती चालते लंडन आणि इथल्या लोकांची वयं पुरेशी एकमेकांवर आली तर. इथे चाळिशीचं कोणीच नसेल तर चाळिशीत तुमचं मशीन काय दाखवतं हे कोणतंही सूत्र सांगू शकत नाही.

वात्रट कारटं (५:२३)

चिंगी, सरांना सांग, रुग्णालयाबाहेर तरुण पोरं उभी करायची, "मोफत एमआरआय, सोबत वडापाव".

रात्रपाळी (५:३०)

वडापाव बाहेर. मॅग्नेट रूममध्ये खाद्यपदार्थ नेऊ नयेत.

खडूस आजोबा (रात्री ९:०८)

सगळा धागा वाचला. २०१० मध्ये राहताय तुम्ही लोक. सिंथसेग बघा, ऊती वेगळ्या काढणारं न्यूरल नेटवर्क, २०२३ चा पेपर. नेटवर्क शिकवताना खऱ्या स्कॅनच्या इंटेन्सिटी वापरल्याच नाहीत. लेबलचा नकाशा घ्यायचा, प्रत्येक ऊतीला मनाला येईल ती इंटेन्सिटी द्यायची, वरून मनाला येईल तसा बायस मारायचा, आणि अशा लाखभर खोट्या प्रतिमांवर शिकवायचं. ते पोर इतकं निबर होतं की खरा स्कॅन कोणत्याही मशीनचा, कोणत्याही कॉन्ट्रास्टचा असो, त्याला फरक पडत नाही. एन४ नको, झेड नको, व्हाइटस्ट्राइप नको. कशाला ही मेहनत?

पायथनपंत (९:३४)

आजोबा, कडक प्रतिसाद, पण अर्धाच मान्य. सेगमेंटेशनसाठी, म्हणजे ऊती वेगळ्या काढायला, तुमचं बरोबर, तिथे आकार महत्त्वाचा आणि इंटेन्सिटी हे फक्त साधन. पण प्रश्नच इंटेन्सिटीचा असेल तर? कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ किती उजळली, मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) किती आहे, व्हाइट मॅटर वयाबरोबर किती काळवंडलं. तिथे "इंटेन्सिटी मनाला येईल ती" असं शिकवलेलं नेटवर्क मुद्द्याचीच माहिती फेकून देतं.

खडूस आजोबा (९:४१)

चिंगीचा प्रश्न आकारमानाचाच आहे. पहिली पोस्ट पुन्हा वाचा.

डॉ. फिल्मवाला (९:५५)

गाठींचा विषय निघाला म्हणून. ब्राट्स नावाची ब्रेन ट्यूमर सेगमेंटेशनची स्पर्धा २०१२ पासून चालते. त्यांच्या तयारीत एन४ फक्त प्रतिमा एकमेकींवर जुळवण्यापुरतं वापरतात, अंतिम प्रतिमांत ते ठेवत नाहीत. कारण फ्लेअर या प्रकारच्या स्कॅनमध्ये गाठीभोवतीची सूज मोठी, मऊ कडांची आणि उजळ असते. एन४ला वाटतं हाच बायस, आणि तो इमानदारीत तिला सपाट करतो. जी सूज आम्ही शोधतोय तीच फिकी.

टिल्लूची आई (१०:२०)

मी नवजात बाळांच्या स्कॅनवर काम करते. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या टी१मध्ये व्हाइट मॅटर ग्रेपेक्षा *काळं* असतं, मायलिन अजून झालेलं नसतं. सर्वांत उजळ शिखर म्हणजे व्हाइट मॅटर असं गृहीत धरणारी प्रत्येक पद्धत तिथे तोंडावर पडते. आणि सहा ते नऊ महिन्यांच्या मध्ये दोघं इतके सारखे होतात की डोळ्यांनाही वेगळं करता येत नाही. मोठ्यांवाल्यांनी आपल्या नशिबाचे आभार मानावेत.

गुंडाळी (११:०२)

खरा इलाज स्कॅन घेतानाच आहे. एमपीटूरेज, २०१० ची पद्धत, मार्क्स वगैरेंची. एकाच स्कॅनमध्ये दोन वेगवेगळ्या इन्व्हर्शन वेळांना (टीआय) प्रतिमा घ्यायच्या आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. कॉइलची असमानता दोन्हींत सारखी, म्हणून ती आपोआप कटते. पुढे त्यातूनच टी१चा, म्हणजे ऊतीतल्या प्रोटॉनना पुन्हा सावरायला लागणाऱ्या वेळेचा, नकाशा काढता येतो, आकडे मिलिसेकंदांचे. ३ टेस्लाला व्हाइट मॅटर साधारण ८०० ते ९००, ग्रे त्याहून बरंच वर. डॉक्टर, मग तुमच्या सीटीसारखं एकक आलं की नाही? पाठवण्याच्या लहरीचा प्रश्न थोडा उरतोच, पण त्याचाही नकाशा घेता येतो.

रात्रपाळी (११:०९)

साहेब, बाहेर अठरा पेशंट बसलेत. तुमचा नकाशा कधी घेऊ?

तर्कटराव (बुधवार, सायंकाळी ५:४०)

आजोबांनी मूळ पोस्टकडे बोट दाखवलं त्यावर विचार केला. चिंगी, तू सेगमेंटेशन कशाने करतेस?

चिकित्सक चिंगी (६:०२)

एफएसएल या सॉफ्टवेअरमधल्या फास्टने. एसपीएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरने पण करून बघणार आहे.

तर्कटराव (६:२५)

मग ऐक. फास्ट (झँग, ब्रॅडी, स्मिथ, २००१) आणि एसपीएमचं युनिफाइड सेगमेंटेशन (ॲशबर्नर आणि फ्रिस्टन, २००५) दोन्ही प्रत्येक स्कॅन स्वतंत्र घेतात, ऊतींच्या इंटेन्सिटी त्याच स्कॅनमधून शिकतात, आणि बायसही आतल्या आत काढतात. फ्रीसर्फर तर व्हाइट मॅटर सरळ ११० वर आणून ठेवतो. म्हणजे तुझ्या कामाला गुंडाळींचा दुसरा आजार लागूच होत नाही. ३०० असो की १०००, फास्टला काय त्याचं?

तपासून बघ. कोणताही एक स्कॅन घे, सगळ्या व्हॉक्सेलना ३ ने गुण, पुन्हा चालव. आकारमान तेच यायला हवं. मग झेड-स्कोअरची गरजच उरत नाही. पहिला आजार मात्र खरा आहे, फास्टचा आतला बायस जोरदार उताराला कमी पडतो, तिथे आधी एन४ उपयोगी. पारखायला माँट्रियलचाच ब्रेनवेब आहे: बनवलेला मेंदू, खरं उत्तर माहीत, बायस ०, २० किंवा ४० टक्के हवा तसा निवडायचा.

मशीनमुळे आकारमानात येणारा फरक तरीही राहील, कारण कॉन्ट्रास्ट वेगळा म्हणजे ग्रे-व्हाइटची सीमाच किंचित सरकते. तो इंटेन्सिटी नॉर्मलाइझ करून जाणार नाही. तो शेवटी आकड्यांवर, कॉम्बॅटने किंवा मॉडेलमध्ये मशीन हा घटक घालून सांभाळायचा.

पायथनपंत (६:३१)

तर्कटरावांना दंडवत. हे पहिल्याच प्रतिसादात कोणी का लिहिलं नाही?

वात्रट कारटं (६:३२)

कारण मग धागा पन्नाशी कशी गाठणार?

चिकित्सक चिंगी (शुक्रवार, रात्री ११:४८)

तिनाने गुणून पाहिलं, आकारमान तेच आलं. ब्रेनवेबवर ४० टक्के बायसला नुसतं फास्ट चुकत होतं, आधी एन४ दिल्यावर बरंच सावरलं. २० टक्क्यांना काहीच फरक नाही. रात्रपाळी, तुमचा अंदाज खरा निघाला, इथल्या डेटात नॉर्मवाले आणि बिननॉर्मचे दोन्ही आहेत. आता तो रकाना मॉडेलमध्ये वेगळा घेतेय. इथल्या साठीपुढच्यांची तुलना लंडनच्या फक्त साठीपुढच्यांशीच करायची असं ठरवलंय.

सरांना सगळं दाखवलं. म्हणाले, "छान. पण स्लाइडवर झेड-स्कोअर ठेव, परीक्षक विचारतात."

खडूस आजोबा (११:५५)

ठेव. आणि खाली बारीक अक्षरात लिही, उत्तर बदललं नाही.

सुलोचनासुत (शनिवार, सकाळी ९:३०)

हेच सगळं मणक्याच्या एमआरआयला चालेल का? तिथे तर सरफेस कॉइलमुळे पाठीकडचा भाग नुसता जळतो.

गुंडाळी (९:४४)

चालेल, पण मास्क कसा काढणार हाच तिथला मोठा प्रश्न. वेगळा धागा काढा, येतो.